नालोंगोच्या नावावरचे आठ लेख

कंपाला,
९ फेब्रुवारी २०१४

ती. जज्जास,
रेस्टीचा गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

तू विणलेली चटई मिळाली. बसवाल्याने ती टपावर बांधून आणली, त्यामुळे निम्म्या रस्त्याची लाल धूळ तिच्यात आहे; पण रंग हलला नाही. बाबिर्ये आणि नाकातो दोघींना एकाच कोपऱ्यावर बसायचं असतं. बाकीची सगळी चटई मोकळी आणि तेवढ्या वीतभर जागेसाठी मारामारी. जुळ्या पाच वर्षांच्या झाल्या, तरी तेच.

परवा फोनवर विचारलंस, आवाज का उतरलाय. तेव्हा सांगितलं असतं तर तू मधेच बोलली असतीस. म्हणून लिहिते.

माझा विद्यापीठातला करार तीस एप्रिलला संपतो. त्याआधी वरची जागा मिळाली तर नोकरी कायमची. नाही मिळाली तर घरी बसायचं, आणि माझ्याबरोबर प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजही बंद. त्यात अकराशे बाळांच्या रक्ताचे नमुने आहेत, सहा वर्षं जमवलेले. रक्तातलं लाल प्रथिन सिकलसेलच्या आजारात एकमेकांना चिकटतं, त्याच्या काड्या होतात आणि गोल पेशी वाकून विळ्यासारखी होते, हे तुला मागे सांगितलं होतं. कुणाच्या रक्तात ते किती लवकर चिकटतं, हे एका थेंबात मोजायची पद्धत मी बसवली. पुढे कुठल्या बाळाला जास्त त्रास होणार, ते त्यावरून आधी कळतं.

आम्ही जे शोधतो त्याचे लेख छापतो. दुसऱ्या कुणी आपल्या लेखात माझ्या कामाचा आधार घेतला, तर त्याला शेवटी माझं नाव लिहावं लागतं. जगभर असा आधार किती वेळा घेतला गेला, ते एक यंत्र मोजतं. वरच्या जागेला चारशे लागतात. माझे निघाले एकशे अठरा. समितीचे अध्यक्ष प्रोफेसर ओपियो माणूस वाईट नाहीत. पण कागद पुढे सरकवून म्हणाले, मॅडम, तुमचं काम कुणी वाचलेलंच दिसत नाही.

मी आजवर कधी मोजलं नव्हतं. काम करत राहिले. आता वाटतं, खरंच कुणी वाचलं नसेल.

मुलींचा तुला नमस्कार. पत्र बसवाल्याकडेच दे, पोस्टात टाकू नकोस.

तुझ्या मायेची सवय झालेली नात,
रेस्टी

---

कालिसिझो,
१६ फेब्रुवारी २०१४

चि. नालोंगो रेस्टी हिस,
बसल्या जागेवरून आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. सिस्टरांच्या शाळेत मी तीन इयत्ता बसले. तेवढ्यात जेवढं कळतं तेवढं कळलं, उरलेलं पुन्हा वाचलं. तुमच्या समितीनेही तसं करायला हरकत नाही.

इकडे सगळं ठीक. कॉफी वाळत घातली आहे. शेजारची शेळी दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा आली तर परत जाणार नाही. तुझा बाप वास्स्वा गुडघ्याला तेल लावून अंगणात बसतो आणि मला म्हणतो, आई, तुझं वय झालं.

आता तुझं. मला आधी हे सांग, कुणी तुझं काम चुकीचं आहे म्हणून लिहिलं, शिव्या घातल्या, तरी खाली नाव लिहितात आणि ते यंत्र मोजतं का? मोजत असेल, तर या गावात माझ्याएवढी शास्त्रज्ञ कुणी नाही.

दुसरं. काठाला जांभळी साखळी असलेली चटई पहिल्यांदा मी विणली. आज क्योतेराच्या बाजारात दहा बायका ती विणून विकतात. एकीच्या तोंडून माझं नाव निघत नाही. मी एकदा एकीच्या पुढ्यात उभी राहिले आणि विचारलं, हा काठ कुणाचा. ती म्हणाली, सगळ्यांचाच आहे. म्हणजे तुमच्यातले लोक बरे, निदान पानाखाली लिहितात तरी.

पण चटई कुणाची ते मी न विचारताही सांगू शकते. उलटी करायची आणि सुरुवातीची गाठ बघायची. वरून नक्कल होते, गाठीची होत नाही. तुझ्या त्या यंत्राने गाठ बघितली का? त्याने कुठल्या नावाने मोजलं? तुझी शाळेत एक, चर्चमध्ये एक आणि मुलींच्या पाळण्यापाशी एक, अशी तीन नावं आहेत. मला एवढंच कळतं, की मोजणारा दाराशी येऊन एकीला हाक मारत असेल, तर आत बसलेल्या बाकीच्या दोघी मोजल्या जायच्या नाहीत.

कुणी वाचलं नसेल, असलं पुन्हा लिहू नकोस. वास्स्वाचा जुळा भाऊ काटो नऊ वर्षांचा होता. जुळं गेलं की मेलं म्हणत नाहीत, उडालं म्हणायचं असतं, म्हणून उडाला म्हणते. त्याआधी चार रात्री त्याची हाडं चोळत मी बसले होते आणि दवाखान्यातला माणूस म्हणाला, कसलं दुखणं ते आम्हांला ठाऊक नाही. आता ठाऊक आहे. तू शोधलंस ते बिनकामाचं असतं तर मीच सांगितलं असतं. मला कुणाची भीड नाही.

लोभ असला तर असू दे, पत्र मात्र असलंच पाहिजे.

जज्जा नालोंगो

---

कंपाला,
२ मार्च २०१४

ती. जज्जास,
गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, शिव्या घातल्या तरी मोजतात.

आणि गाठ बघितली. तू म्हणालीस तेच निघालं. यंत्राच्या हिशेबी मी तीन बायका आहे.

पहिली एन. रेस्टिटूटा. विद्यार्थी असताना मी शाळेच्या पटावर लिहितात तसं लिहिलं होतं, आधी कुळाचं नाव, मग बाप्तिस्म्याचं. बाहेरच्या छापणाऱ्यांना वाटलं, शेवटी असतं तेच आडनाव. तिचे तीन लेख, चौसष्ट आधार. दुसरी आर. नाकितेंदे. समितीने मोजली ती हीच. तिचे सहा लेख, एकशे अठरा.

आणि तिसरी आर. नालोंगो. तिचे आठ लेख. एका थेंबाची पद्धत तिच्याच नावावर आहे. तिचे आधार चारशे दोन, जज्जा! ब्राझीलमध्ये, भारतात, घानात, लोक माझ्या पद्धतीने रक्त तपासतात आणि खाली नालोंगो म्हणून लिहितात. पण जुळ्यांची प्रत्येक आई नालोंगो. पूर्वेकडे कुणी रोझ नालोंगो आहे, ती कोंबड्यांच्या रोगांवर लिहिते. यंत्राने तिला आणि मला एकाच टोपलीत टाकलं आहे. यंत्राच्या मते मी सकाळी बाळांचं रक्त तपासते आणि दुपारी कोंबड्यांना लस देते.

यंत्र दुरुस्त करता येतं. समिती करता येत नाही. मागच्या वर्षी एका गृहस्थाने दुसऱ्याचे लेख स्वतःचे म्हणून लावले होते, तेव्हापासून नाव वेगळं असेल तर पुरावा लागतो. प्रत्येक नियतकालिकाचं पत्र, आणि ही तिन्ही नावं कुणी, कधी, का दिली, ते सांगणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्याचं शपथपत्र. मुदत पंधरा एप्रिल.

रागावू नकोस, पण लिहिते. मुली झाल्यानंतरचा पहिला लेख मी किती हौसेने छापून तुला दाखवायला आणला होता. त्यावर नाकितेंदे होतं. तू तो हातातही घेतला नाहीस. म्हणालीस, जुळ्यांच्या आईला जुन्या नावाने हाक मारली की जुळ्यांना ऐकू जातं आणि ती राग धरतात, हा कागद माझ्या घरात नको. आणि उकळती किटली त्यावर ठेवलीस. अजून त्यावर काळा गोल आहे. त्यानंतर तीन वर्षं मी सगळं नालोंगो नावाने छापलं. तुझ्या धाकाने. मी, प्रथिनांचा अभ्यास केलेली बाई!

नैरोबीच्या एका कंपनीने विचारलं आहे. औषधं विकायची, गाडी देतात. तू शपथ घ्यायला जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्याकडून चूक कबूल करून घेणं कुणालाच जमलेलं नाही. मी त्यांना हो म्हणणार आहे.

थकलेली,
रेस्टी

---

कालिसिझो,
७ मार्च २०१४

चि. नालोंगो हिस,
आशीर्वाद आहेत, पण आज जरा कमी. वि. वि.

औषधं विकायची? तुला शेजारणीकडून मीठ मागून आणता येत नाही. तू दुसऱ्यांच्या दाराशी उभी राहून औषधं विकणार?

किटली मी ठेवली होती. काळा गोल माझाच. नालोंगो म्हण असं मी सांगितलं होतं, आजही सांगेन. मला चोपन्न वर्षांत कुणी दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही आणि मी मेले नाही. पण मी घरात म्हणायला सांगितलं होतं. कागदावर नावाने मोजणी होते हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. मी तीन इयत्ता शिकले, तू किती शिकलीस ते मोजायला मला दुसऱ्याची बोटं लागतील. तेव्हा चूक निम्मी तुझी. निम्मी माझी. माझ्या निम्म्याचं काय करायचं ते मी बघते. तू तुझ्या निम्म्याचं बघ. त्या छापणाऱ्यांना पत्रं लिही. आज लिही. रडायचं असेल तर पाकिटं चिकटवताना रड.

दुसरं. तुमचे अध्यक्ष ओपियो. इथल्या दवाखान्यात उत्तरेकडची एक नर्स होती, ती तिच्या थोरल्या जुळ्याला ओपियो म्हणायची. त्यांच्यात जुळ्यातला पहिला मुलगा झाला की तो ओपियोच. म्हणजे तुमच्या साहेबाला जन्म देणारीसुद्धा नालोंगोच, तिकडे काय म्हणत असतील ते म्हणोत. त्याला सांगायचं ते मी शपथपत्रातच सांगते. तू मधे बोलू नकोस.

तुझं बारसं झालं तेव्हा रिवाजाप्रमाणे पाण्यात नाळ सोडताना हजर असलेल्यांतली मी एकटी उरले आहे. तुझा आजोबा नाही, कुळातले म्हातारे नाहीत. वास्स्वा होता, पण तो दारू पीत होता. तेव्हा शपथ मीच घेणार. गुरुवारी मसाकाच्या कोर्टात जाते.

नैरोबीला अजून काही कळवलं असलंस, तर परत कळव.

जज्जा नालोंगो

---

कालिसिझो,
३० मार्च २०१४

चि. रेस्टी हिस,
पुरेसे आशीर्वाद. वि. वि.

सोबत शपथपत्र आहे. बसवाल्याला सांगितलं आहे, हे छपरावर बांधायचं नाही, पोटाशी धरून आणायचं. तो म्हणाला, आजी, कागदच आहे. मी म्हटलं, तुझा परवानाही कागदच आहे, दे बघू इकडे.

मला तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा कोर्टात टाय लावलेला एक कारकून होता. त्याने नाव विचारलं. मी म्हटलं, नालोंगो. तो म्हणाला, आजीबाई, निम्मा जिल्हा नालोंगो आहे. मी म्हटलं, त्यातल्याच कुणीतरी तुझं नाक पुसलंय. त्याला ते आवडलं नाही. मतदार कार्ड दाखवलं, त्यावरही नालोंगोच. तो म्हणाला, दुसरीची तीन नावं एकच आहेत हे सांगायला आलात, आधी तुम्ही कोण ते सांगा. बोलला ते खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. हे तुझ्या बापाला सांगू नकोस, त्याला हवंच असतं.

दुसऱ्यांदा मिशनमध्ये गेले. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या फडताळात आहेत. फादर तरुण आहे, त्याला वाटलं आजी कुणा गेलेल्यासाठी मिस्सेची प्रार्थना सांगायला आली. मी म्हटलं, मला एकोणीसशे अडतीस दाखव. दोघांनी मिळून तीन वह्या काढल्या. एक वाळवीने खाल्लेली. दुसरीत तीन महिनेच नाहीत. तिसरीत, ऑगस्टमध्ये, बोट खाली नेत नेत मीच वाचलं. फादरच्या आधी वाचलं. शाई तपकिरी झाली आहे. पण आहे. नाव, बापाचं नाव, गाव. मी बराच वेळ तिथेच बोट ठेवून होते. फादरने विचारलं, बरं वाटतंय ना. मी म्हटलं, उतारा लिही आणि शिक्का मार.

तिसऱ्यांदा पुन्हा टायवाल्याकडे. आता तो खुर्ची देऊन बोलला. तुझी तिन्ही नावं लिहिली: कुळाचं नाव आजोबाने दिलं, बाप्तिस्म्याचं फादरने, तिसरं मी लादलं. तो म्हणाला, लादलं नको, दिलं लिहू. मी म्हटलं, शपथ मी घेते आहे, लादलं लिही. मग म्हणाला, कारण लिहायची गरज नाही. मी म्हटलं, कारणच लिहायचं आहे. जुळी झाली की बाईचं स्वतःचं नाव बाजूला ठेवतात आणि मग ते कुठे ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, मला आठवायला शहात्तर वर्षांची वाळवी उपसावी लागली, हे सगळं त्यात आहे. शेवटी एक ओळ त्यांची ठरलेली असते, वर लिहिलेली आणि खाली सही केलेली व्यक्ती एकच. ती मला फार आवडली. दोनदा वाचायला लावली.

आता तुझी पाळी. रडून झालं असेल तर काम कर.

जज्जा

---

कंपाला,
४ मे २०१४

ती. जज्जास,
आज खरंच गुडघे टेकून लिहिते आहे, टेबलावर नाकातोने शाई सांडली आहे म्हणून. वि. वि.

फोनवर तुला फक्त झालं एवढंच सांगितलं, कारण तू म्हणालीस, बाकी कागदावर पाठव, कागद दाखवता येतो. तर ऐक.

समिती अठ्ठावीस तारखेला बसली. अकरा नियतकालिकांना पत्रं लिहिली होती, दहांची उत्तरं आली. एक बंद पडलं आहे, त्यातले माझे दोन लेख गेले, म्हणजे नालोंगोचे एकतीस आधार बुडाले. एका सभासदांनी विचारलं, शिकलेल्या बाईने आजीच्या सांगण्यावरून नाव बदलावं का. तेव्हा प्रोफेसर ओपियोंनी तुझं शपथपत्र उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. लादलं हा शब्दही. वाचून झाल्यावर चष्मा काढला. म्हणाले, आम्ही दोघं भाऊ जन्मलो तेव्हापासून माझ्या आईला गावात जुळ्यांची आई म्हणत. ती गेली, क्रूसावर नाव घालायचं होतं, तर आम्हां भावांना तिचं नाव सांगता येईना. तिच्या माहेरी माणूस पाठवावा लागला.

मग ते सभासद म्हणाले, बरं, पण आकडा? आकडा मोजला. चौसष्ट, एकशे अठरा आणि तीनशे एकाहत्तर. पाचशे त्रेपन्न. ओपियो म्हणाले, आता बोला. आणि मला म्हणाले, मॅडम, मी तुमचं काम कुणी वाचलेलं दिसत नाही असं म्हणालो होतो, ते कार्यवृत्तातून काढून टाकतो. मी म्हटलं, राहू द्या, माझ्या आजीला दाखवायचं आहे.

फ्रीज चालू आहे. नैरोबीला नकार कळवला. पूर्वेकडच्या रोझ नालोंगोचं पत्र आलं होतं. तिला दोन वर्षं लोक रक्ताबद्दल विचारत होते, ती म्हणते आता कोंबड्यांना निवांतपणा मिळेल.

पुढचा लेख जूनमध्ये छापला जाईल. अकराशे बाळांचा. एकच विचारायचं आहे. त्यावर मी नाव काय लिहू? नालोंगो नाही लिहिलं तर तू काय ठेवशील त्यावर?

मुली तुझी आठवण काढतात, मुख्यतः शेळीचं काय झालं म्हणून.

तुझीच, तिन्ही नावांनी,
रेस्टी

---

कालिसिझो,
११ मे २०१४

चि. रेस्टी हिस,
भरपूर आशीर्वाद, यावेळी मोजले नाहीत. वि. वि.

शेळी जिवंत आहे. तिसऱ्यांदा आली नाही. तिला कळलं असावं.

तुझं पत्र वास्स्वाला मोठ्याने वाचायला लावलं. पाचशे त्रेपन्नला तो थांबला आणि म्हणाला, आई, हे माझ्या मुलीचं आहे. मी म्हटलं, तू बारशाला दारू पीत होतास, पुढे वाच. ओपियोच्या आईपाशी मात्र मीच त्याला म्हटलं, जरा हळू.

नावाचं. मी सात तारखेला काटोच्या थडग्याजवळच्या झाडापाशी जाऊन सांगून आले. जे सांगायचं ते जुळ्यांना मोकळेपणी सांगावं लागतं, नाहीतर राग धरतात. सांगितलं, घरात मी तुझी आई आणि ती तुझ्या नातींची आई, आम्ही दोघी नालोंगोच. कागदावर मात्र आमची आमची नावं लिहायची आहेत, तेव्हा हाक ऐकू आली तर धावत येऊ नकोस. वारा नव्हता, काही हललं नाही. याचा अर्थ मी हो असा धरला.

तेव्हा लेखावर रेस्टिटूटा नाकितेंदे लिही. मेलीस तरी बदलू नकोस. छापून आला की एक प्रत इकडे पाठव, बाळांची तपासणी करणाऱ्या इथल्या नर्सला द्यायची आहे. दुसरी माझ्यासाठी. किटलीला मी नवीन चकती विणली आहे.

क्योतेराच्या बाजारात काल गेले होते. जांभळ्या साखळीच्या चटया घेऊन त्या दहाजणी बसल्याच होत्या. मी माझी चटई उलटी करून मांडली. गाठीपाशी पांढऱ्या पट्टीने विणलं आहे, शाळेतल्या अक्षरांत, जरा वाकडं. एकीने विचारलं, हे कोण. मी म्हटलं, वाचता येतं ना, वाच. तिने वाचलं. मोठ्याने. मग दुसरीला दाखवलं.

सही नीट बघ. कोर्ट सोडून दुसऱ्या कुठल्याही कागदावर मी ती पहिल्यांदा करते आहे. शाईचा डाग पडला आहे तो पेनाचा दोष.

वर जज्जा म्हणून लिहिलेली आणि खाली सही केलेली बाई एकच.

केविना नाकांजाको